जे आधी सापडेल ते

ममता खातूला कुणाचं अडलेलं बघवत नसे. मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या तिच्या सोसायटीत सेक्रेटरी नावाला होते. कुणाचा गॅस, कुणाचं आधार कार्ड, कुणाच्या पोराचा ऑनलाइन फॉर्म, सगळं चौथ्या मजल्यावर ममताकडे यायचं. सेक्रेटरी म्हणायचे, अर्ज लिहून आणा. ममता म्हणायची, थांबा, करून देते. घराची एक किल्ली शेजारच्या हंसाबेनकडे, एक वॉचमनकडे, आणि वायफायचा पासवर्ड मजल्यावरच्या सगळ्या पोरांना तोंडपाठ. नवरा कुरकुरायचा, "घर आहे की धर्मशाळा?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. गिरगावातल्या चाळीत दिवसभर दारं सताड उघडी असायची, तिथं काय चोरीला गेलं होतं? नवऱ्याला काही आठवायचं नाही.

अशा बाईबद्दल सगळे चांगलंच बोलतात आणि त्यात खोटं काही नसतं. मीरा रोडच्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती कामाला होती तिथंही तिची ख्याती हीच. बीकॉम करून बिलिंगच्या काउंटरवर चिकटलेली बाई, पण लॉकडाउनच्या पहिल्या महिन्यांत घरी व्हिडिओ बघत बघत पायथन शिकली आणि परत आल्यावर तिनं लॅबचे रिपोर्ट बनवणारा प्रोग्रॅम लिहिला. तोवर टेक्निशियन मशिनवरचे आकडे बघून हातानं टाइप करायचे आणि रिपोर्ट मिळेपर्यंत पेशंटची संध्याकाळ व्हायची. आता आकडे मशिनमधून आपोआप यायचे, हिशेब व्हायचा आणि रिपोर्ट थेट पेशंटच्या फोनवर. रिपोर्टखाली शंका विचारायला ममतानं स्वतःचाच नंबर घातला होता; अनोळखी नंबर फार यायला लागले की ती फोनचा आवाज बंद करून टाकायची. लॅबचे मालक डॉ. कर्णिक सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी त्या दिवशी पेढे वाटले आणि ममताला काउंटरवरून उचलून आतल्या केबिनमध्ये बसवलं.

मीरा रोडची मुख्य लॅब आणि भाईंदर, काशिमिऱ्याच्या दोन शाखा. तिन्हीकडे चालणारा प्रोग्रॅम एकाच फोल्डरमध्ये ठेवलेला होता, आणि तो फोल्डर इंटरनेटवरून तिन्ही ठिकाणी दिसायचा. ममतानं त्याचं नाव ठेवलं होतं 'सगळ्यांचं'. नाव अगदी खरं होतं. ज्याला जे हवं ते त्यात टाकता यायचं.

आता इथं पायथनची एक खोड सांगितली पाहिजे. मोठा प्रोग्रॅम एकटा काम करत नाही. त्याला हाताशी लहान लहान फायली लागतात. एक छपाईची, एक लोगो लावणारी, एक हिशेबाचे आकडे ठेवणारी. प्रोग्रॅम नुसतं नाव घेतो, अमुक फाइल आणा म्हणतो. ती कुठं आहे ते सांगत नाही. मग शोध सुरू होतो, ठरलेल्या क्रमानं. सगळ्यात आधी बघितलं जातं ते प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये राहतो तिथं. तिथं नसेल तर त्या कॉम्प्युटरच्या आतल्या, पासवर्डच्या आड असलेल्या जागी. त्या नावाची पहिली फाइल सापडली की शोध संपला. ती कुणी ठेवली, कशासाठी ठेवली, हे कुणी विचारत नाही.

ममताला ही खोड मनापासून आवडायची. तिच्या स्वभावाला साजेशीच होती म्हणा ना. शाखांमधल्या मुलींना ती सांगायची, "आतल्या जागेत टाकायला माझा पासवर्ड लागतो. अडलं तर सरळ 'सगळ्यांचं'मध्ये टाका, तिथलं आधी सापडतं." मुली टाकायच्या. काम चालायचं.

ह्यात खोट काढली ती धम्मपाल वाव्हळनं. हा लॅबमधला टेक्निशियन, मूळचा नांदेडकडचा, रक्त गोठण्याच्या तपासण्या त्याच्याकडे. बोलणं कमी, पण जे बोलेल ते तोंडावर. एक दिवस तो केबिनमध्ये येऊन म्हणाला, "मॅडम, त्या फोल्डरमध्ये ज्याला फाइल टाकता येते, त्याला आपला रिपोर्ट बदलता येतो. मुद्दाम कुणी करणार नाही. चुकून करेल."

ममताला ते पटलं. अगदी लगेच पटलं, कारण ते तिला आधीपासून ठाऊक होतं. प्रोग्रॅम सुरू करायच्या ओळीत एक अक्षर वाढवलं की पायथन शेजारच्या फोल्डरकडे बघतच नाही, थेट आतल्या जागी जातं. तिनं ते अक्षर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंदरचा लोगो उमटेना, काशिमिऱ्याची छपाई थांबली, रिपोर्टासाठी माणसं काउंटरवर भांडायला लागली. ममताचा फोन दिवसभर वाजत राहिला. प्रत्येक फाइल आतल्या जागी हलवायची तर दोन दिवस दोन्ही शाखांत जाऊन बसावं लागलं असतं. संध्याकाळी तिनं ते अक्षर काढून टाकलं. धम्मपालला म्हणाली, "बघते नंतर." आणि ते नंतर कधी आलंच नाही.

त्या मंगळवारी दुपारी ती डबा उघडून बसली होती. लॅबच्या लँडलाइनवर भाईंदर शाखेतल्या पायलचा फोन आला. पायल मोठी गुणी पोरगी, सांगितलेलं काम विसरायची नाही.

"ताई, ते रक्त गोठायच्या टेस्टची नवीन बाटली उघडली ना काल, तिचा आकडा टाकलाय मी हां. आत घेतच नव्हतं, पासवर्ड मागत होतं. तुम्ही फोन पण उचलला नाहीत. मग 'सगळ्यांचं'मध्ये टाकून दिला. मस्त चालतंय सकाळपासून."

ममताच्या हातातला घास खाली आला. "फाइलचं नाव काय दिलंस?"

"तेच की. नेहमीचंच. दुसरं दिलं तर प्रोग्रॅमला कसं कळणार?"

बरोबरच बोलत होती ती. ममतानं फोन ठेवला.

ही टेस्ट अशी असते. रक्ताच्या नमुन्यात बाटलीतलं रसायन घालतात आणि ते गोठायला किती सेकंद लागतात ते मशीन मोजतं. पण प्रत्येक रसायनाचा जोर वेगळा, म्हणून बाटलीवर एक आकडा छापलेला असतो. तो हिशेबात धरला तरच खरं उत्तर मिळतं. भाईंदरची बाटली एका कंपनीची, मीरा रोडची दुसरीची; काशिमिऱ्यात ही टेस्ट होत नसे. दोन्ही बाटल्यांचे आकडे आपापल्या कॉम्प्युटरच्या आतल्या जागी, एकाच नावाच्या फाइलमध्ये असायचे आणि एकमेकींच्या वाटेला जात नसत. आता पायलची फाइल सगळ्यांच्या फोल्डरमध्ये येऊन बसली होती. सकाळपासून मीरा रोडच्या प्रोग्रॅमनंही तीच उचलली होती, कारण ती आधी सापडत होती.

ममता धावत धम्मपालकडे गेली. त्यानं ऐकून घेतलं. 'मी म्हणालो होतो' असं तो म्हणाला नाही, आणि ममताला ते जास्त लागलं. त्यानं फक्त सकाळच्या नमुन्यांचे सेकंद काढले आणि खऱ्या आकड्यानं हिशेब पुन्हा केला. बहुतेकांचं फारसं बिघडलं नव्हतं, निरोगी माणसांचे आकडे थोडे इकडेतिकडे. मग एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"नाथा. तारोडीचा," तो म्हणाला. "रिपोर्ट गेलाय दोन पॉइंट चारचा. खरा आहे चार पॉइंट सहा."

भाईंदरपलीकडच्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा नाथा लॅबला चांगला माहीत होता. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कायमच्या. दोन-अडीच म्हणजे ठीक. साडेचारच्या वर म्हणजे रक्त इतकं पातळ की साधी जखमही बंद व्हायला तयार होत नाही.

"आज गोळी घेऊ नको म्हणून सांगू या त्याला," ममता म्हणाली.

"गोळीचं नाही मॅडम." धम्मपाल उठून उभा राहिला. "त्याचा आज दात काढायचाय. डोंगरीला, त्याच्या गावाशेजारी, डॉ. नीरजकडे. रक्त देताना म्हणाला मला, रिपोर्ट लवकर टाक, दुपारी नंबर आहे."

नाथाचा फोन बंद होता. डॉ. नीरजच्या दवाखान्याचा वाजून वाजून थांबला, पुन्हा लावला, पुन्हा थांबला. दवाखान्याखालच्या मेडिकलचा नंबर धम्मपालनं शोधून काढला, पण दुपारचं दुकान बंद. उरलेल्या सगळ्या पेशंटना फोन करायचं काम त्यानं अंगावर घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही निघा. मी दवाखान्यालाही लावत राहतो." ममतानं 'सगळ्यांचं'मधली ती फाइल पुसली, प्रोग्रॅम बंद केला आणि पर्स उचलून खाली रिक्षासाठी पळाली. डबा टेबलावर तसाच उघडा राहिला.

"भैया, डोंगरी, भाईंदर वेस्ट. जल्दी."

"उधर से खाली आना पड़ता है मॅडम."

"आने-जाने का देती हूँ. चलो."

भाईंदर पश्चिमेला पोचेपर्यंत सिग्नल, बस, आडवे लावलेले टेम्पो. ममता दर मिनिटाला फोन लावत होती. मुर्धा, राई ही गावं मागे पडली तशी रेंजही जायला लागली. मोर्व्याच्या वळणावर एक पाण्याचा टँकर आणि एस्टीएवढी लांब स्कूलबस समोरासमोर अडकले होते आणि दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना शांतपणे समजावत होते. ममताला ओरडावंसं वाटलं. तिनं खाली उतरून टँकरवाल्याला हात जोडले. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि टँकर मागे घेतला.

तेवढ्यात डॉ. कर्णिकांचा फोन आला. धम्मपालनं त्यांना कळवलं होतं.

"हे बघा, तिथं जाऊन जास्त बोलू नका. तांत्रिक अडचण म्हणा. फाइल कुणी टाकली ती?"

"भाईंदरच्या पायलनं."

"मग तसंच सांगा. शाखेतल्या मुलीची चूक. आपण तिच्यावर कारवाई करतोय म्हणा."

ममतानं बरं म्हटलं. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. शाखेतल्या मुलीची चूक, हे वाक्य तिनं रिक्षात दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

दवाखाना नाक्यावर पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या बाकावर नाथाची बायको मंदा मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ममता तिच्याकडे न बघता सरळ दार ढकलून आत गेली. नाथा खुर्चीत आडवा, तोंडावर दिवा. तरुण डॉ. नीरज हातात चिमटा घेऊन वाकलेला.

"थांबा डॉक्टर. दात काढू नका."

"तुम्ही कोण? बाहेर थांबा."

"लॅबमधून आलेय. याचा रिपोर्ट चुकीचा आहे."

डॉ. नीरजनं चिमटा खाली ठेवला नाही. "दोन पॉइंट चार आहे. मी स्वतः बघितलाय."

"तो चार पॉइंट सहा आहे."

आता चिमटा ट्रेमध्ये पडला. डॉक्टरनं दिवा खाली ओढला आणि नाथाचं तोंड पुन्हा उघडायला लावलं. दात अजून जागेवर होता. ममताला वाटलं, पोचलो, वेळेत पोचलो. पण डॉक्टर दाताकडे बघतच नव्हता. दाढेच्या मागे, जिथं बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, तिथं तो बघत होता.

"इथं सूज येतेय," तो हळू म्हणाला. "आत रक्त साचतंय."

मंदा दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मी सांगितला तुमाला," ती डॉक्टरला म्हणाली. "सकाली उशीवर रगत होता याच्या तोंडातला. तुमी बोललात, रिपोर्ट बराबर हाय, मंग कायी न्हाय."

डॉक्टरनं रिपोर्टमधल्या आकड्यावर विश्वास ठेवला होता, आणि ठेवायलाच हवा होता. रिपोर्ट असतो कशासाठी?

सूज दाढेकडून घशाकडे सरकली तर श्वास अडकू शकतो, एवढं त्यानं ममताला बाजूला घेऊन सांगितलं. रुग्णवाहिकेची वाट बघण्यात अर्थ नव्हता. त्यानं आपली गाडी काढली. मागे नाथा आणि मंदा, पुढे ममता. भाईंदरच्या हॉस्पिटलला डॉक्टरनं गाडी चालवता चालवताच कळवलं.

"गिळता येतंय का? येत असेल तर बोट वर करा."

आरशात नाथाचं बोट वर आलं. मोर्वा गेलं. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, पुन्हा बोट आलं. राईला विचारलं तेव्हा बोट यायला वेळ लागला. मंदा त्याच्या गालावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. ममताला मागे वळून बघायचं धैर्य झालं नाही. ती समोरच्या काचेकडे बघत राहिली आणि तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, ते एक अक्षर. ते घालायला तिला एक क्षण लागला होता आणि काढायलाही तेवढाच.

हॉस्पिटलात दारातच स्ट्रेचर तयार होतं. रक्त पुन्हा घट्ट करायची इंजेक्शनं, प्लाझ्माच्या पिशव्या, घशावर लक्ष ठेवायला एक डॉक्टर सतत शेजारी. ममता आणि मंदा बाहेरच्या बाकावर दोन टोकांना बसून राहिल्या. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा मोकळी होती आणि तिथं कुणीच बसलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला हॉस्पिटलचा डॉक्टर बाहेर आला. सूज थांबली होती. श्वास नीट होता. दोन दिवस ठेवून घेऊ, पण आता जिवाला धोका नाही, असं तो म्हणाला. मंदानं पदर तोंडाला लावला. ममताचे डोळे भरून आले. इतकं सुटल्यासारखं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पायल आली. कुणीतरी तिला सगळं सांगितलं होतं, आणि डॉ. कर्णिकांनी फोनवर जे सांगायचं तेही सांगून झालं होतं. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. ती थेट मंदासमोर जाऊन उभी राहिली.

"काकी, ती फाइल मी टाकली. मला खरंच माहीत नव्हतं."

मंदानं तिच्याकडे बघितलं, मग ममताकडे. "ही काय बोलते?"

कर्णिकांचं वाक्य तयारच होतं. शाखेतली मुलगी, तांत्रिक अडचण, कारवाई. ममता उठून उभी राहिली.

"तिची चूक नाही," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं तिथं टाका म्हणून. तिनं तेच केलं. ती जागा मी उघडी ठेवली होती."

"बंद करता येत न्हाय ती?"

"येते. एकदा बंद केलीही होती."

"मंग परत उघडली कशाला?"

खोटं बोलायची ममताची ताकद संपली होती. "सगळ्यांची कामं अडली. दिवसभर मला फोन येत होते. मला कंटाळा आला."

मंदाला राग आला असता तर ममताला सोपं गेलं असतं. तिनं मांडीवरची पिशवी उघडली, आतून आपला जुना फोन काढला, त्यावर काहीतरी शोधलं आणि स्क्रीन ममतासमोर धरली.

"सकाली रगत बघून मी बी केला फोन," ती म्हणाली. "रिपोर्टच्या खाली नंबर हाय ना, त्याच्यावर. डॉक्टरकडं जायच्या आदी. परत परत केला. कोनी उचलला न्हाय."

ममतानं तो नंबर वाचला. तो तिचाच होता.